फाल्केन क्लबची ब तुकडी

मनुष्यजातीचे मूळ विभाग दोनच: अ तुकडी आणि ब तुकडी. देश, धर्म, रक्तगट वगैरे भेद पुढे सोयीसाठी पाडण्यात आले. (क तुकडीही असते म्हणतात, पण आपण स्वतः त्या तुकडीत होतो असं सांगणारा माणूस अद्याप कोणाला भेटलेला नाही.)

पुष्कर गोवईकर हे सत्य कराडहून जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला येताना सोबत घेऊन आला होता. तिथल्या मोटारीच्या कारखान्यात तो दारांच्या बिजागऱ्यांचा तज्ज्ञ होता. महागड्या गाडीचं दार लावताना जो भारदस्त ‘ठप्प’ आवाज येतो, तो तसाच यावा म्हणून सात इंजिनिअर पगार घेतात, त्यातला हा चौथा. एवढी जबाबदारी पेलणारा माणूस शाळेत पाचवी ते सातवी ब तुकडीत होता. ही माहिती त्याने लग्नाआधी बायकोला, म्हणजे सुलेखाला, दिली नव्हती. लग्नानंतरही दिली नाही. ती सासऱ्यांकडून, आत्मारामपंतांकडून, पहिल्याच दिवाळीत फुटली.

त्यांची मुलगी ईप्सिता अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. गेलं वर्षभर ती लॅक्रोस खेळत होती. लॅक्रोस म्हणजे लांब दांड्याला जाळी लावून त्यात चेंडू झेलायचा, पळायचं आणि गोल करायचा. या खेळाचा मोठा गुण असा की कराडमध्ये तो कोणालाच माहीत नाही. त्यामुळे मुलीच्या प्रगतीविषयी काहीही सांगितलं तरी चालतं. ईप्सिताला मात्र तो खरोखर आवडायचा. ती जेवताना काठी मांडीवर ठेवायची आणि रोज संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची.

आत्तापर्यंत ती बॉबलिंगेनच्या एका चिमुकल्या क्लबात होती. क्लबचं नाव ‘आमायझन’, म्हणजे मुंग्या. मुंग्यांकडे मुली नऊ आणि सामन्याला लागतात दहा, त्यामुळे निम्मे सामने रद्द व्हायचे. (रद्द झालेल्या सामन्यांत मुंग्या अपराजित होत्या.) श्टुटगार्टकडच्या ‘फाल्केन’ क्लबाने, म्हणजे ससाण्यांनी, जूनमध्ये नव्या मुलींची चाचणी घेतली. ईप्सिता तिथे गेली, दोन तास धावली, चिखलाने माखून परत आली. आठवड्याने मेल आला: अभिनंदन, ईप्सिताची जागा दुसऱ्या टीममध्ये पक्की, शुक्रवारपर्यंत कळवावे.

“दुसऱ्या,” पुष्कर म्हणाला.

“अरे, घेतलंय तिला! पेढे आण,” सुलेखा म्हणाली.

“सुलेखा, दुसरी टीम म्हणजे ब तुकडी.”

त्याने हे अशा आवाजात सांगितलं की सुलेखाने गॅस बंद केला.

आता प्रश्न असा उभा राहिला, आणि सुजाण पालकांपुढे याहून गहन प्रश्न फारसे नसतात: ससाण्यांच्या ब तुकडीत जावं, की मुंग्यांच्या अ तुकडीत राहावं? मुंग्यांकडे ब तुकडी नव्हतीच, त्यामुळे तिथली प्रत्येक मुलगी आपोआप पहिल्या टीममध्ये होती. ज्या संस्थेत नऊच्या नऊ मुली पहिल्या येतात, तिचं महत्त्व कमी लेखून कसं चालेल?

रीतसर सल्लामसलत सुरू झाली. पहिला मान वासुदेव आणि मनोरमा या ओळखीतल्या मराठी जोडप्याचा, कारण त्यांचा मुलगा मल्हार फाल्केनच्या मुलांच्या पहिल्या टीममध्ये होता. वासुदेवाने गेल्या मोसमाचा हिशेब अभिमानाने मांडला: एकूण सामने चौदा, मल्हारला नेण्या-आणण्यात गाडी धावली तीन हजार दोनशे किलोमीटर, मल्हार मैदानात धावला एकूण एकेचाळीस मिनिटं. उरलेला वेळ तो बाकावर होता. “पण बाक कुठल्या टीमचा, ते बघा!” मनोरमा म्हणाली. मल्हार शेजारी बसून चिवडा खात होता. बाकावर बसायची त्याला उत्तम सवय झाली होती.

मग कराडला व्हिडिओ कॉल झाला. आत्मारामपंतांनी लॅक्रोस म्हणजे काय ते तिसऱ्यांदा विचारून घेतलं, दुसऱ्या टीमचं ऐकलं आणि चष्मा काढला. “ब? कशात कमी पडली रे पोर?” मग थोडं थांबून म्हणाले, “तुझ्यावर गेली असेल.” पुष्करने नेटवर्क गेल्याचं सांगून फोन ठेवला.

घरातली चर्चा भावनिक होऊ लागली की शास्त्राचा आधार घ्यावा. पुष्करने कारखान्यात बिजागऱ्यांचे पुरवठादार निवडायला जी पद्धत वापरतात, तीच एक्सेलमध्ये लावली. निकष चौदा, प्रत्येकाला वजन. क्लबचं नाव ऐकून नातेवाईक गप्प होण्याची शक्यता: अठरा टक्के. पहिल्या टीमची जर्सी दिसेल असा फोटो: पंधरा टक्के. पार्किंग: अकरा टक्के. ट्रेनरच्या आवाजातली कडक शिस्त, मैदानाच्या गवताची उंची, पुढे कधीतरी बायोडेटात लिहिता येईल अशी ओळ, असं करत करत गाडी चौदाव्या निकषावर आली: ‘मुलीला काय हवंय’. हा सुलेखाच्या आग्रहाखातर घालण्यात आला होता आणि त्याला दोन टक्के मिळाले होते. त्यापुढे माहितीच्या रकान्यात ‘प्रलंबित’ असं लिहिलं होतं, कारण संबंधित व्यक्ती तेव्हा गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारण्यात गुंतली होती.

“अरे, जाऊन विचार ना तिला. पंधरा पावलांवर आहे,” सुलेखा म्हणाली.

“विचारलं की ती प्रभावित होईल. माहिती स्वच्छ राहिली पाहिजे,” पुष्कर म्हणाला.

बेरीज आली: ससाणे सहा पूर्णांक चौऱ्याऐंशी, मुंग्या सहा पूर्णांक चौऱ्याऐंशी. पार्किंगचं वजन अकराचं बारा केल्यावर मुंग्या शतांशाने पुढे गेल्या. अशा रीतीने निर्णय पूर्णपणे वस्तुनिष्ठ ठरला. बुधवारी पुष्करने नकाराचा मेल लिहून ठेवला: आम्ही आपले आभारी आहोत, परंतु ईप्सिताची गुणवत्ता लक्षात घेता ती पहिल्या टीममध्येच खेळणे उचित ठरेल.

पाठवण्याआधी मात्र एक गोष्ट राहिली होती. पुरवठादार बाद झाला तर त्याला कारण कळवतात, ही कारखान्यातली सभ्य रीत. आपली मुलगी नेमकी किती गुणांनी हुकली ते कळायला हवं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तो फाल्केनच्या मैदानावर गेला. ट्रेनर यूटा खांद्यावर काठ्यांचा भारा घेऊन उभी होती. उंच, उन्हाने लाल झालेली, आवाज फौजदाराचा.

“गुणपत्रिका?” ती म्हणाली. “हे बघा, आमच्याकडे गुण नसतात.”

“मग पहिल्या आणि दुसऱ्या टीमची निवड कोण करतं?”

“मुलं करतात.”

पुष्करला वाटलं आपलं जर्मन कच्चं. त्याने पुन्हा विचारलं. यूटाने भारा खाली ठेवला, फाइल उघडली आणि चाचणीच्या दिवशीचा फॉर्म त्याच्यापुढे धरला. वरती दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं: ‘पहिली टीम. आम्हाला जिंकायचंय. चांगलं खेळणाऱ्याला जास्त वेळ.’ दुसऱ्यापुढे: ‘दुसरी टीम. सगळ्यांना सारखा वेळ.’ दुसऱ्या चौकोनात निळ्या पेनने भलीमोठी फुली होती आणि शेजारी ससाण्याचं चित्र. (ससाणा कोंबडीकडे झुकलेला होता, पण हेतू स्पष्ट होता.)

आणि खाली पालकाची सही. पुष्करची.

त्या दिवशी फॉर्मला पाच पानं होती. मुलांच्या फोटोंच्या गोपनीयतेची चार पानं पुष्करने शब्दन् शब्द वाचली होती, तिसऱ्या पानावरची एक तारीखही दुरुस्त करून दिली होती. या देशात राहून त्याला एवढं कळलं होतं की महत्त्वाचं ते बारीक अक्षरात असतं. पहिलं पान मोठ्या अक्षरात होतं, म्हणून ते वाचायचं राहून गेलं.

“तिला आम्ही पहिल्या टीममध्येही घेतलं असतं,” यूटा म्हणाली. “डाव्या हाताने फार छान झेलते. मी तिला विचारलं होतं, नक्की ना? ती म्हणाली, गेनाऊ.” म्हणजे, अगदी नक्की.

झालं! पुष्करला आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस दिसला होता की ज्याला अ तुकडीत प्रवेश मिळत असून त्याने स्वतःच्या हाताने ब तुकडी मागून घेतली, आणि तो माणूस त्याच्याच घरात राहत होता. तो गाडीत येऊन बसला, दार लावलं. आवाज उत्तम आला, पण आज त्याचं लक्ष नव्हतं.

घरी ईप्सिता गॅरेजसमोरच होती. त्याने शेवटी ती पंधरा पावलं टाकली आणि विचारलं, “इप्सू, दुसरी टीम का मागितलीस गं?”

ईप्सिताने चेंडू झेलला आणि बापाकडे असं बघितलं की याला एवढंही कळू नये. “बाबा, डा श्पील्ट मान डोख.” म्हणजे, तिथे खेळायला मिळतं ना.

तो नकाराचा मेल मग पुसला गेला आणि होकार गेला. पुष्करला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हेवा वाटला. पाचवीत आपल्याला असा फॉर्म कोणी दिला असता तर फुली कुठे मारली असती, याचा त्याने बराच वेळ विचार केला.

सप्टेंबरात पहिला सामना झाला. फाल्केनची दुसरी टीम अकरा-तीन अशी हरली. ईप्सिता पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत धावली, दोनदा आपटली, एकदा चुकून आपल्याच गोलकीपरला चेंडू देऊन बसली आणि त्यावर दोघी पोट धरून हसल्या. सुलेखा पालकांच्या केकच्या टेबलावर नारळाच्या वड्या विकत होती. त्या मात्र पहिल्या दहा मिनिटांत संपल्या. पुष्करने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. घरी जाताना गाडीत पोरगी मागच्या सीटवर चिखलासकट झोपून गेली, आणि इतका आनंद आपल्याला शेवटचा कधी झाला होता ते त्याला आठवेना.

मोसम झाला. बारा सामन्यांपैकी नऊ हरले. आणि मे महिन्यात एके दिवशी यूटाने मैदानाच्या कडेला ईप्सिताला बोलावून पहिल्या टीमबद्दल पुन्हा विचारलं.

वाचकहो, इथे तुम्ही जरा सरसावून बसलात. बसलातच. पोरगी आता वर जाणार, निर्णायक सामन्यात डाव्या हाताने शेवटचा गोल तीच करणार आणि आपला जीव भांड्यात पडणार, याची तुम्ही बऱ्याच वेळापासून वाट बघताय. पुष्करला हसत हसत वाट बघताय.

ती नको म्हणाली आणि खेळायला गेली. आता खरं सांगा, ऐकून वाईट कोणाला वाटलं, तिला की तुम्हाला?