पुराव्यासह उत्तरायण

"मागायचंय तर मुद्द्यानं माग," सुधाकर सर वर्तमानपत्र खाली ठेवत म्हणाले. "या घरात रडून काही मिळत नाही."

मागणी साधी होती. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन्ही दिवस रश्मीला वरच्या मजल्यावरच्या छगनभाईंसोबत गच्चीवर पतंग उडवायचे होते. पण पुढच्याच आठवड्यात तिची दहावीची प्रिलिम होती, आणि वडील इंग्रजीचे शिक्षक. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, सर शाळेत वादविवादाचा धडा शिकवत होते. क्लेम, एव्हिडन्स, रिबटल हे शब्द त्यांच्या तोंडी असे बसले होते, की सुरतेतल्या पर्वत पाटिया भागातल्या भाजीवाल्याकडेही ते कोथिंबिरीच्या ताजेपणाचा एव्हिडन्स मागत. वादात आपल्याला आजवर कुणी हरवलेलं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"माझा क्लेम असा," रश्मी म्हणाली, "की सगळे जातात, म्हणून मीपण जाणार."

सरांनी कपाळावर हात मारला. "हा पुरावा झाला? ही नुसती गर्दी झाली! पुढे?"

"जाऊ द्या ने पप्पा, प्लीज."

"ही नुसती भावना. अगं, समोरच्याचा आक्षेप आधी आपणच मांडायचा. मान्य करण्यासारखं मान्य करायचं, आणि मग खोडायचा. अरुणा, ऐकतेस का? दहावीची मुलगी, आणि रिबटल येत नाही!"

अरुणाबाई आत तीळ भाजत होत्या. "मग तुम्हीच दाखवा करून," त्या तिथूनच म्हणाल्या.

झालं! सरांनी चष्मा पुसला, बाह्या सारल्या, रश्मीला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या जागी उभे राहिले.

"क्लेम: या मुलीला दोन्ही दिवस गच्चीवर जाऊ द्यावं. एव्हिडन्स: सहामाहीत ती वर्गात दुसरी आली. शिवाय त्या दिवशी सुरतेत गच्चीगच्चीवर स्पीकर लागलेले असताना घरात बसून कुणी अभ्यास करून दाखवावा!"

हा आवाज ऐकून जिन्यातले छगनभाई दारात येऊन उभे राहिले. "वाह, सर!" ते म्हणाले. श्रोता मिळाल्यावर सरांचा आवाज आणखी चढला.

"आता आक्षेप. गच्चीचा कठडा बुटका आहे. मान्य! मुलांना भान राहत नाही. मान्य!"

"मग?" रश्मीनं खुर्चीतून कडक आवाजात विचारलं.

"मग वडील स्वतः सोबत राहतील! दोन्ही दिवस, सकाळपासून दिवे लागेपर्यंत!"

छगनभाईंनी टाळी वाजवली. "बहु सरस! सर येणार, पक्कं!"

अरुणाबाई झारा घेऊन बाहेर आल्या. "मला पटलं. जा दोघं."

"अगं, हे नुसतं उदाहरण होतं! माझा खरा मुद्दा..."

"तो तुम्हीच खोडलात की आत्ता."

सरांनी संध्याकाळभर स्वतःच्या युक्तिवादात फट शोधली. सापडली नाही. खरं सांगायचं तर त्यांना थोडा अभिमानच वाटला.

उत्तरायणाच्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून सर गच्चीवर उन्हात उभे होते. "सर, तमे फिरकी पकडो," म्हणत छगनभाईंनी मांजाची फिरकी त्यांच्या हातात दिली होती. रश्मीचा पतंग उंच गेला.

"परीक्षेत मात्र तसलं लिहू नकोस हं," सर म्हणाले. "'सगळे जातात' म्हणे!"

"मला येतं ने पप्पा सगळं," पतंगावरची नजर न काढता रश्मी म्हणाली. "पण आधी श्रोता ओळखावा, असं तुम्हीच शिकवता. मी बरोबर बोलले असते तर तुम्ही खोडलं असतं. चुकीचं बोललं, की दुरुस्त केल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही."

सर उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात ती ओरडली, "पप्पा, ढील द्या!"

सरांनी ढील दिली.