आवाजातली धूळ

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या वेड टॉलिव्हर या गायकाने भटकंतीवरचं एक जुनं, गाजलेलं गाणं नव्याने गावं, असा ठराव त्याच्या रेकॉर्ड कंपनीने बहुमताने मंजूर केला. फक्त अस्सलपणा विभागाच्या प्रमुख डार्लीनबाईंनी लेखी हरकत घेतली.

"सूर चोख आहे रे, पण आवाजात धूळ नाही. शेवटचा पायी कधी चाललास?"

वेडने आठवून पाहिलं. "मॉलमध्ये."

"मग जा, दोन दिवस भटकून ये. आणि पुराव्यादाखल फोटो पाठव, तारखेसह."

गिटार पाठीला लावून वेड शहराबाहेरच्या एका श्रीमंत वसाहतीतून चालू लागला. फुटपाथ नव्हताच. हिरवळींच्या कडेकडेने जाताना कानाला वारा लागला, टाचेला फोड आला, आणि वीस वर्षं गाणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदाच आपल्या आवाजाची लाज वाटली. तेवढ्यात पोलिसांची गाडी शेजारी थांबली. आत तेच गाणं वाजत होतं, मूळ गायकाच्या आवाजात.

"कुठे निघालात?" हवालदार लोमॅक्सने विचारलं.

"कुठेच नाही. असंच."

"'असंच'ला फॉर्ममध्ये रकाना नाही हो. तीन घरांतून तक्रार आलीय, माणूस चालतोय म्हणून."

"अहो, हे तुमच्या गाडीत वाजतंय ना, त्याच गाण्यासाठी चालतोय मी!"

लोमॅक्सने आवाज जरा कमी केला. "आमच्या आजोबांचं लाडकं गाणं. अजून डोळे भरून येतात बघा. चला, मागे बसा."

अटकेची बातमी ऐकून डार्लीनबाई हरखल्या. एवढा अस्सलपणा विभागाच्या वार्षिक उद्दिष्टातही नव्हता! गाणं तुफान चाललं आणि त्याच वसाहतीने वेडला उन्हाळी जत्रेत सन्मानाने गायला बोलावलं.

दुसऱ्या कडव्याला त्याला कुंपणापलीकडे वळकटी घेतलेला एक म्हातारा दिसला. ओठ हलत होते, त्याला शब्द न् शब्द पाठ होता. दोन पहारेकऱ्यांनी त्याला अदबीने कोपराला धरून तिथून नेलं. वेडची ओळच सुटली. खरं तर तिथेच थांबता आलं असतं. पण गायक गहिवरला, असं समजून अख्ख्या हिरवळीने ती ओळ त्याच्यासाठी गाऊन दिली, आणि पुढची त्याने उचलली.

म्हातारा कुणाला दिसला नाही असं नव्हे. पण गाणं रंगात आलेलं असताना उठणं बरं दिसत नाही. तुम्हीही बसूनच राहिला असतात, आणि घरी जाऊन डोळे पुसत म्हणाला असतात, "काय गायला हो!"