सोनाजीच्या होडीची शेपटी

वाळूजच्या कारखान्यात फिटर झाल्यापासून सोनाजीला वाटे, जगातली प्रत्येक वस्तू आपण बनवली असती तर बरी झाली असती. त्यामुळं नामांतराच्या बंदात एसटी हलणार नाही असं कळलं, तेव्हा घरात एकटा तोच खूश होता.

सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, धाकट्या लेकीसाठी, केसरसाठी, मुलाचं घर बघायला जायचं होतं. घर नाथसागराच्या पलीकडच्या काठावर. दुपारी तिथं दुसरे सोयरे यायचे होते; त्याआधी पोचलं नाही तर स्थळ हातचं जाणार.

"आप्पा, माझ्या होडीत बसा," सोनाजी म्हणाला. "वल्हं नाय, इंजिन नाय. माशावाणी शेपटी हलवत जाती. भाकरी गरम असतानाच पोचता का नाय बघा!"

होडी म्हणजे दोन पत्र्याचे ड्रम, वर फळी, फळीवर सायकलचं पायडल आणि मागं डावी-उजवी हलणारी शेपटी. शेपटी जाड पोलादी पत्र्याची. कारखान्यात वाकलेला माल नापास होतो, आणि नापास माल सोनाजी सासऱ्यांना दाखवणार नव्हता.

आप्पा, बायको बानाबाई आणि पंक्चरवाला दोस्त चांदपाशा यांना बसवून त्यानं पायडल मारलं. शेपटी डावीकडं गेली की होडीची मागची बाजू उजवीकडं सरके, उजवीकडं गेली की डावीकडं. होडी जागच्या जागी नकार देत राहिली. घामाच्या खात्यात भरपूर जमा, प्रवासाच्या खात्यात शून्य! आप्पांचा फेटा सुटला. बानाबाईनं डोळे मिटून घेतले.

"जावईबापू, ताक घुसळताय का?" आप्पांनी विचारलं.

सोनाजीनं चिडून जोर लावला, आणि शेपटीचा निम्मा पत्रा वेल्डिंगपाशी तुटून तळाला गेला. उरलेल्याची धार कुणाला लागू नये म्हणून चांदपाशानं बसायला बुडाखाली घेतलेला ट्रकच्या ट्यूबचा तुकडा त्यावर बांधला. जास्तीचा तसाच मागं लोंबत ठेवला. हे लिबलिबीत लचांड आधी काढ, असं सोनाजीनं बजावलं.

"रहने दे भाई, जख्मी होने से तो अच्छा है," चांदपाशा म्हणाला.

पुन्हा पायडल. रबर पाण्यात वाकलं, उलटं वळलं, वळता वळता पाणी मागं फेकत गेलं, आणि होडी दावं तुटलेल्या कालवडीसारखी सुटली! मागं भोवऱ्यांची दुहेरी रांग. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आप्पांनी जावयाचं कौतुक केलं. सोनाजीनं रबराचा विषय काढला नाही. हिशेबच तसा धरला होता, एवढंच म्हणाला.

काठ आला. मुलाची आई द्वारकाबाई पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी. थांबायचं म्हणून सोनाजीनं पायडल उलटं मारलं. पण पायडल सुलटं फिरवा नाहीतर उलटं, शेपटी आपली डावी-उजवीच हलणार! होडी पुढंच. घाबरून त्यानं आणखी जोरात उलटं मारलं, तशी ती आणखी जोरात पुढं.

"अवं, थांबवा की," बानाबाई म्हणाली.

"तेच तर करतोय!"

धुवायला उतरवलेल्या मेंढरांतून होडी थेट चिखलावर चढली, आणि आप्पा उडून द्वारकाबाईच्या पुढ्यात मांडी घालून बसले. नुसत्या पायांनी भागणार नव्हतं. बाईनं तांब्या डोक्यावरच ओतला.

वेळेत पोचलो, हे सोनाजी दिसेल त्याला सांगत होता. द्वारकाबाई मात्र ओशाळली होती.

"एक गोष्ट आधीच सांगते, भाऊ. पोरगा मेंढरंच बघतो. वाळूजला लई खेटे घातले, पर कारखान्यात काय लागला नाय."

आप्पांनी फेटा पिळला, मिशीतला चिखल पुसला आणि गुडघाभर रुतलेल्या थोरल्या जावयाकडं नीट बघून घेतलं.

"मग घर बघायची गरज नाय," ते म्हणाले. "पोरगी दिली."