सुवर्णा मुलाखत घेते

एसटीतल्या कंडक्टरने "कुठं?" विचारलं की माणसं आपल्या गावाचं नाव सांगतात. सुवर्णा पास दाखवायची, पाठ ताठ करायची आणि उलट विचारायची, "या क्षेत्राकडे आपण कसे वळलात?"

मी शेजारी बसलेली असायचे. खिडकीबाहेर बघायचे.

पहिल्या वेळी कंडक्टर गोंधळला. मग म्हणाला, "वळलो कुठला बाई, मेव्हण्यानं अर्ज भरला, लागलो." पुढची माणसं तिकिटासाठी हात पुढे करून बसलेली, आणि हा आपला मेव्हण्याचे उपकार सांगतोय. दुसऱ्या दिवशी तो आपणहून आमच्या बाकाशी थांबला. "काल एक सांगायचं ऱ्हायलं," म्हणाला.

सुवर्णा डिंभ्याची, मी शिनोलीची. डिंभ्याची गाडी कधी येणार ते गाडीलाही ठाऊक नसायचं, पण आली की त्यात सुवर्णा माझी जागा धरून असायची. घोडेगावच्या कॉलेजात आम्ही बी.कॉम.ला एकाच बाकावर होतो. तिसरं वर्ष लागलं आणि अख्ख्या वर्गाला पायाखाली निखारे ठेवल्यासारखं झालं. कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळायला लागलं, कुणी स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं आणली, कुणी टॅली शिकायला मंचरला जायला लागलं. मुलींच्या घरी फोटो मागवले जायला लागले. जो तो दुसऱ्याला विचारायचा, "तू काय करणारेस?" आणि उत्तर ऐकून आणखी अस्वस्थ व्हायचा.

अशात पुण्याहून एक गृहस्थ मार्गदर्शनाला आले. मुलाखतीत जो बोलला तो जिंकला, असं काहीसं सांगून, नारळ-शाल घेऊन गेले. आम्ही विसरलो. सुवर्णा विसरली नाही. "मुलाखत द्यायची तर घेणाऱ्याच्या डोक्यात काय असतंय ते कळाय नको?" ती म्हणाली. त्या दिवसापासून ती समोर येईल त्याची मुलाखत घ्यायला लागली.

एरवी ती आमच्यासारखीच बोलते. लई, न्हाई, व्हतं. पण मुलाखत सुरू झाली की तिच्या तोंडात रेडिओवरची बाई शिरायची. कॅन्टीनवाल्याला तिने विचारलं, "दबावाखाली काम करण्याचा आपला अनुभव सांगा." तो म्हणाला, "मधल्या सुट्टीत ये, दावतो."

माझी मुलाखत तर रोजच.

"आपल्याला पुढे काय व्हायचं आहे?"

"काहीतरी," मी म्हणायचे. खरंच तेवढंच ठाऊक होतं.

"मने, काहीतरी अशी पोस्ट निघत न्हाई," ती लगेच आपल्या भाषेत यायची. "परत सांग."

कहर झाला तो तिला बघायला पाहुणे आले तेव्हा. कार्यक्रम शिनोलीत तिच्या आत्याकडे होता, म्हणून मीही पोह्यांच्या ताटल्या न्यायला होते. मुलगा चाकणला कंपनीत. त्याचे मामा म्हणाले, "पोरीला काय इचारायचं आसंल तर इचारा." मुलगा विचार करत बसला. तेवढ्यात सुवर्णा म्हणाली, "आपला एखादा दोष सांगू शकाल?"

मुलगा बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "राग येतो."

"कधी?"

"जेवन गार आसलं की."

"ठीक आहे," सुवर्णा म्हणाली. "आम्ही कळवू."

आत्याने कपाळाला हात लावला. सुवर्णाचे वडील दाराशी बसले होते. आल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. पण ते मिशीत हसल्यासारखे मला वाटले. जमलं नाहीच. मुलाने मात्र मध्यस्थाकडे निरोप धाडला, माझी बाकीची उत्तरं कशी होती?

निकाल लागल्यावर चाकणच्या एका कंपनीत ऑफिसकामासाठी मुली घेत होते, तिथे आम्ही दोघी गेलो. बाहेर बाकड्यावर बऱ्याच जणी बसल्या होत्या. एक तर रडायच्या बेतात होती. सुवर्णाने तिला पाणी दिलं आणि तिथेच तिची तयारी करून घ्यायला लागली. मग दुसरीची, तिसरीची.

मी तिला कोपराने ढोसलं. "अगं, या आपल्याच जागा घेतील."

"मंग? रडत आत जाऊ दिऊ का त्यांना?"

माझी मुलाखत बरी गेली. तिथले सगळे प्रश्न सुवर्णाने वर्षभर माझ्याकडून घोटून घेतले होते. मग तिचं नाव पुकारलं. ती हसत आत गेली आणि लगेच बाहेर आली. चेहरा उतरलेला.

परतताना कंडक्टर आला. तिने गावाचं नाव सांगितलं, तिकीट घेतलं आणि गप्प बसली. तेव्हा मात्र मी घाबरले.

मंचर मागे पडल्यावर ती म्हणाली, "घरी कोण कोण असतं म्हनून इचारलं. मी म्हनले, वडील. मंग म्हनाले, तुमी इकडं आल्यावर ते एकटे राहतील का? मला काय बोलताच येईना, मने."

तिची आई आम्ही कॉलेजात यायच्या आधी वारली होती, एवढं मला माहीत होतं. घरी कोण असतं हे तिने आजवर कुणालाही विचारलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काही दिवसांनी माझ्या मोबाईलवर कळलं की दोघींनाही घेतलंय. सुवर्णाने बाकड्यावर पोरींची करून घेतलेली तयारी त्यांनी आतून ऐकली होती म्हणे. सोमवारी हजर व्हायचं होतं. सुवर्णाच्या घरी रेंज नाही, म्हणून मी दुपारच्या गाडीने डिंभ्याला गेले. धरणाच्या पाण्यावरच्या उतारावर तिचं घर. अंगणात तिचे वडील मासेमारीचं जाळं दुरुस्त करत होते. समोर पाटावर सुवर्णा, पाठ ताठ.

"आज कामाच्या ठिकाणी कोणत्या अडचणी आल्या?"

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वारं."

"मग आपण काय निर्णय घेतला?"

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "परत आलो."

सुवर्णा इतक्या मोठ्याने हसली की मी कुंपणाशीच थांबले. तेही हसत होते, अंग हलवून, आवाज न करता.

मला बघून ती उठून आली. "आई गेल्यापासून दादांचं बोलनंच आटलंय," ती वडिलांकडे बघत हळूच म्हणाली. "त्या पुन्याच्या मानसाचं ऐकून आले त्या दिवशी चेष्टेनं आसं इचारलं, तर बोलले. साधं इचारलं की न्हाई बोलत. म्हनून धरून ठिवलं. बाकीच्यांवर नुसता सराव."

मी निरोप सांगितला. तिने मान हलवली. "तू जा. मी बघते हितंच कायतरी."

अंगणातून आवाज आला. "पोरी, तिथं ऱ्हायचं कसं हाय?"

मी चमकले. ते माझ्याकडे बघत होते. "खोली आहे, काका. आम्ही मिळून राहणार."

"पानी येतं का?"

"येतं."

"कंपनीत चालत जायचं का गाडी?"

"कंपनीची गाडी येते."

"रातपाळी?"

"नाही, काका. ऑफिसचं काम."

"आन जेवन?"

ते विचारत राहिले. सुवर्णा त्यांच्याकडे बघतच राहिली होती. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी जाळं बाजूला सारलं आणि तिला म्हणाले, "सोमवारचं म्हनती ना ही? मंग कपडे भर."

सुवर्णा चहा ठेवायला आत गेली. त्या दिवशी त्या घरात चहाला फार वेळ लागला.

आता आम्ही चाकणला असतो. सुवर्णाने इथल्या वॉचमनची आणि खोलीच्या मालकिणीची मुलाखत घेतलीय, साहेबाची राहिलीय. पण संध्याकाळी ती फोन घेऊन जिन्यात बसते. तेवढ्यासाठी तिचे वडील धरणाजवळच्या रस्त्यापर्यंत चालत येतात. मला वाटायचं, आता हिचे प्रश्न सुरू होतील. एकदा मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले.

"जेवली का?"

"जेवले. तुमी?"

"हां."

मग दोघंही गप्प. तिकडून एखादी गाडी गेल्याचा आवाज यायचा, इकडे जिन्यातून कुणीतरी वरखाली करायचं. सुवर्णा फोन कानाशी दाबून तशीच बसून होती.

"ठिवू का?" बऱ्याच वेळाने ते म्हणाले.

"थांबा की जरा," सुवर्णा म्हणाली.

आणि ते थांबले.