तेरावी जीभ

हाड उंबऱ्याच्या आत येणार नाही, हे लताबाईंनी नवऱ्याला, उद्धव गुरुजींना, दारातच सांगून टाकलं. घर माळकऱ्यांचं. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजींना जीवाश्म शोधायचा नाद लागला होता. तीन महिने मांजरा नदीचा काठ पालथा घातल्यावर परवा बिलोलीच्या खालच्या अंगाला हा बोटाएवढा तुकडा हाती लागला होता. गुरुजींच्या मते तो हत्तीच्या कुळातला. गावाच्या मते शेजारच्या पंढरीच्या मेलेल्या म्हशीचा.

"म्हशीचं निघालं तर गावात तोंड दाखवायची सोय न्हाई," लताबाई म्हणाल्या. "आधीच लोक हाड्या गुरुजी म्हणून राहिलेत."

ते मात्र गुरुजींना लागलं. त्यांनी थेट नांदेडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मृण्मयी मॅडमना फोन लावला. मॅडम दुसऱ्याच दिवशी यायला तयार झाल्या. "तोवर जिभेला लावून बघा," त्या म्हणाल्या. "चिकटलं तर जुनं, दगड झालेलं. नाही चिकटलं तर अलीकडच्या जनावराचं."

गुरुजी ओट्यावर सुन्न बसले. चिकटलं तर दगड, आणि दगड चाटल्यानं कुणाची माळ तुटत नाही. नाही चिकटलं तर म्हशीचं हाड चाटलं. म्हणजे पाप आहे की नाही, हे पाप केल्याशिवाय कळणार नव्हतं. संध्याकाळी भजनी मंडळ ओट्यावर जमलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत डोळे मिटले आणि जीभ लावली. चिकटलं.

"दगड हाय, बुवा," हाड ओढून काढत ते म्हणाले.

मंडळाचे प्रमुख निवृत्तीबुवा सहजासहजी ऐकणारे नव्हते. "तुमची जीभ कोरडी आसंल. आणा इकडं." त्यांनाही चिकटलं. मग दगडच आहे म्हटल्यावर मागं कोण राहतो? गुरुजी धरून अकरा जणांनी खात्री करून घेतली. सकाळी मॅडमची जीप दिसली तशी घाईघाईनं आणखी एक फेरी झाली.

मॅडमनी हाड उलटसुलट करून पाहिलं, जिभेला लावलं आणि मान हलवली. "नाही चिकटत. अलीकडचं दिसतंय."

अकरा हात गळ्यातल्या माळांवर गेले. निवृत्तीबुवा मटकन खाली बसले. चार दिवसांवर सप्ताह आला होता, आणि बाटलेलं मंडळ वीणा कशी धरणार? गुरुजींना तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पण हे ओलं कसं?" मॅडमनी विचारलं. "धुतलंत का?"



"धुतलं न्हाई, मॅडम," दारातून लताबाई म्हणाल्या. "आत्ताच अकरा जणांनी चाटलंय."

मॅडम बराच वेळ नळावर चुळा भरत होत्या. मग म्हणाल्या, "वाळवा. ओलं असलं तर जुनंही चिकटत नाही."

हाड उन्हात परातीत ठेवलं. सगळं मंडळ भोवती बसलं. बुवांनी दोनदा कुत्रं हाकललं. दुपारी हाड खडखडीत वाळलं.

"आता बघा, मॅडम," गुरुजी म्हणाले.

मॅडम दोन पावलं मागं सरल्या. "मी प्रयोगशाळेत नेते. पंधरा दिवसांत कळवते."

"पंधरा दिवस न्हाई जमायचं," बुवा म्हणाले. "आमीच बघतो."

"तुमच्या जिभांनीच तर ते ओलं केलं. परत अकरा जण चाटणार, परत ओलं होणार," मॅडम म्हणाल्या. "नको."

गुरुजींनी मान खाली घातली. तीन महिने गेले ते गेले, वर मंडळही बुडवलं. तेवढ्यात लताबाई ओट्यावरून उतरल्या. त्यांनी परातीतलं हाड उचललं, पदरानं पुसलं.

"लता, तुझी माळ," गुरुजी म्हणाले.

"तीन महिने तुमी उन्हात हिंडलात ते म्हशीसाठी हिंडला न्हाईत, येवढं मला कळतंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हाड जिभेला लावलं.

मग हात सोडला. हाड जागचं हललं नाही.

मॅडमनी जवळ जाऊन पाहिलं आणि हसल्या. बुवांनी माळ कपाळाला लावली. गुरुजींचे डोळे भरून आले. आता ही चार शब्द सुनावणार म्हणून ते वाट पाहत उभे राहिले. पण लताबाईंना बोलता येत नव्हतं. हाड तसंच जिभेवर घेऊन त्यांनी उंबरा ओलांडला आणि आतून हातानंच गुरुजींना खूण केली, या.