चार नंबरची ओळ

देवरावभाऊ बिस्किटांनासुद्धा नंबर देत. एक नंबरचं चहात बुडालं, की दोन नंबरचं बशीत हजर पाहिजे. जंगल खात्याच्या लाकूड डेपोत लठ्ठ्यांवर, म्हणजे ओंडक्यांवर, नंबर ठोकण्यात त्यांचा जन्म गेला होता. "बिननंबरचा लठ्ठा चोरीचा असते, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

चामोर्शीत माझं कॉम्प्युटर टायपिंगचं सेंटर होतं तेव्हाची गोष्ट. भाऊंच्या बायकोला, यमुनाबाईंना, लकवा मारला आणि वाचा गेली. एक हात मात्र चालत होता. भाऊंनी त्यांच्या रोजच्या बोलण्याची यादी केली. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे पाठ दुखते. यमुनाबाईंनी बोटं दाखवायची, भाऊंनी यादीत बघायचं. बाईंना अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलं की पाठ. भाऊंना अक्षर येई, पण डोक्याची चाळणी.

मी यादी टाइप केली.

"नंबर कुठी आहेत?"

"हातानं टाकते की."

"हातानं? हातानं टाकले म्हणून डेपोतले दोन साग गायब झाले. मशीनले टाकू द्या!"

टायपिंगचं सॉफ्टवेअर माझ्या नागपूरच्या भाच्यानं बनवलेलं. ओळींना आपोआप नंबर पडतील असं कर, म्हणून त्याला कळवलं. "मावशी, एका यादीसाठी?" म्हणत त्यानं एसटीनं फ्लॉपी पाठवली. लांब ओळ मोडली की तिला दोन नंबर पडत. भाऊ कडाडले, "एका लठ्ठ्यावर दोन नंबर? सस्पेंड होते माणूस!" दुसऱ्या फ्लॉपीत जमलं. डावीकडे नंबर ओळीनं उभे राहिले. भाऊंनी स्क्रीनला हात जोडले.

थंडीत भाऊ यादी वाढवायला आले. टाइप करताना या वेळी चौथी ओळ माझ्या नजरेत भरली: 'जेवले का तुमी?' आजारी बाई हे कशाला विचारेल? चुकून आली असेल म्हणून मी ती उडवली, नवा कागद काढून दिला.

दोन दिवसांनी भाऊ दारात.

"काय केलं बाई तुमी? चार बोटं दाखवून राह्यली, कागदावर चार म्हणजे पंखा. मी पंखा लावून राह्यलो. कुडकुडली, पण चारच दाखवून राह्यली. शेवटी रडली."

पाच नंबरचा पंखा वर सरकला होता.

"लठ्ठा गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याले देत नाईत," भाऊ म्हणाले. मग हळूच, "इशाऱ्यानं तिनंच लिवाले लावलं होतं. पाण्याच्याही आधी पायजे होतं तिले. मीच खाली घातलं."

मी ओळ परत टाकली.

उन्हाळ्यात यमुनाबाई गेल्या. तेरवी झाल्यावर भाऊ सेंटरवर आले.

"यादी आहे काय मशीनमंधी?"

होती.

"चार नंबर ठेवा. बाकी काढा."

मी काढल्या. उरलेल्या ओळीपुढे एकचा आकडा आला. भाऊ त्या आकड्याकडे बघत राहिले.

मी ओळीच्या सुरुवातीला गेले आणि तीनदा एंटर दाबलं. ओळ खाली सरकत चारवर आली.