युसूफभाईंनी बसवलेला ब्रेक

युसूफभाईंबद्दल लिहायचं मी पंधरा वर्षं टाळलं. कुणी त्यांचा विषय काढला की मी पाऊसपाण्याकडे वळायचो. आता ते नाहीत आणि माझंही वय ऐंशीच्या पुढे गेलं, तेव्हा लिहून टाकतो.

गेवराईत त्यांचं गॅरेज होतं. ब्रेकचं काम झालं की गाडीचा मालक स्टिअरिंगवर बसायचा आणि युसूफभाई मागच्या मैदानात गाडीसमोर तीस पावलांवर जाऊन उभे राहायचे. हात पाठीमागे, तोंडात बडीशेप. मग हाक यायची, "या आता अंगावर." मालक कचरला की ते वैतागायचे. ज्याला स्वतःच्या कामापुढे उभं राहता येत नाही त्याने पान्याला हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोने एकदा मैदानात येऊन सगळ्यांदेखत विचारलं होतं, की निदान विमा तरी काढलाय का.

इंजिनाशी त्यांना फारसं कर्तव्य नव्हतं. "पळवायला कुणीबी पळवतं, थांबवनारा पायजे," हे दिवसातून दहादा. माणसंही ते यावरूनच पारखायचे. एका पुढाऱ्याची जीप चौकात कर्कश आवाज करत थांबली, तेव्हा याला मत नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. पुतणीला स्थळ आलं, तर मुलाचं शिक्षण आणि पगार राहिले बाजूला. त्याला गाडी चालवायला लावून हे मागच्या सीटवर पाण्याने भरलेला पेला धरून बसले. पेला सांडला नाही. लग्न झालं, आणि संसारही चांगला चाललाय.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी अँबॅसिडर घेतली. ती थांबवायला दोन्ही पाय आणि थोडं नामस्मरण लागायचं. युसूफभाईंनी ती आठ दिवस ठेवून घेतली. पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवल्या आणि पेडलच्या पुढे एक गोल डबा लावला. त्याला बूस्टर म्हणतात. पायाचा जोर तो वाढवतो, पण त्याला ताकद मिळते चालू इंजिनाकडून. हे त्यांनी मला, मी ढ पोरांना गणित सांगायचो तसं, तीनदा सांगितलं.

"गुरुजी, उतारावर चावीला हात लावायचा न्हाई. इंजिन बंद झालं की पेडल दगड हुतं."

मी मान डोलावली. मग ते मैदानात समोर उभे राहिले. मी गाडी काढली आणि डोळे मिटून ब्रेक दाबला. गाडी त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर अलगद थांबली.

"डोळे कावून मिटले?" ते खिडकीशी येऊन म्हणाले. "ब्रेक काय डोळ्यानं लागतो?"

उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद करायचं, ही आमच्या पिढीची खोड. फुकट मिळालेल्या उतारावर पेट्रोल जाळणं आम्हाला पाप वाटायचं. महिनाभराने मी आणि माझी बायको शांता मांजरसुंब्याचा घाट उतरत होतो. तिला डुलकी लागलेली. मी चावी फिरवली. पहिल्या वळणाला डब्यात उरलेल्या जोरावर ब्रेक छान लागला, दुसऱ्याला जेमतेम. तिसऱ्या वळणाला पेडल दगड झालं आणि आम्ही पुलाच्या कठड्यावर आदळलो. माझ्या कपाळाला खोक पडली. शांताचा उजवा हात मनगटात मोडला.

दवाखान्यात कुणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ब्रेक फेल झाला. तीन शब्द. पुढे सगळ्यांना तेच सांगत गेलो.

गाडी ओढून युसूफभाईंकडे नेली होती. आठवड्याने आम्ही दोघं तिथे गेलो. त्यांनी आमच्यासमोर इंजिन चालू करून पेडल दाबलं. व्यवस्थित. इंजिन बंद केलं आणि तीन-चारदा दाबलं. दगड. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

भोवती चार-पाच जीप ड्रायव्हर उभे होते. हात गळ्यात बांधलेली शांता बाकावर बसली होती. तिनेच विचारलं, "भाई, नवा ब्रेक असा कसा गेला हो?"

त्यांनी एकदा तिच्या प्लास्टरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"माझंच काई ऱ्हाइलं आसंल, भाभी. माफ करा."

मी तिथल्या टायरांच्या ढिगाकडे बघत उभा राहिलो.

त्या दिवसानंतर शांताने मला कधी बोल लावला नाही. ड्रायव्हरांनी मात्र ती गोष्ट बीडपर्यंत, पार कडा गावापर्यंत नेली. भाईंनी स्वतः कबूल केलं म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची? लोक ब्रेकसाठी दुसरीकडे जाऊ लागले. युसूफभाईंकडे ऑइल बदलायचं काम उरलं. मैदानात समोर उभं राहावं अशी गाडीच येईना. एक दिवस शटरवरचं 'ब्रेकचे खास काम' त्यांनी आपल्याच हाताने हिरव्या रंगाखाली झाकून टाकलं. मी गेलो की चहा मात्र पाजायचे, आणि घाटाचा विषय कधी काढायचे नाहीत.

मागच्या वर्षी ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. स्टँडपासून त्यांच्या घरापर्यंत मी एकच वाक्य घोकत गेलो. खाटेभोवती दोन शेजारी आणि एक जुना जीपवाला बसले होते. सून चहा गाळत होती. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "भाई, त्या दिवशी चावी मीच बंद केली होती."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मोठ्यानं बोला, गुरुजी," सून म्हणाली. "जन्मभर हातोडा मारून त्यांचे कान गेलेत."

मी सरळ झालो. जीपवाला माझ्याकडेच बघत होता. कागदावर लिहून देता आलं असतं. पण कागद दुसऱ्याच्याही हाती पडतो.

"जेवण जातं का?" मी ओरडून विचारलं.

"जातं थोडं," ते म्हणाले. "भाभींचा हात कसा हाय?"

"बरा आहे," मी आणखी मोठ्याने ओरडलो. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल.